नळीत कोण राहतं?

शाळेत पेशीची आकृती काढताना आपण एक वाटोळं काढायचो. मधोमध केंद्रक, बाजूला घेवड्याच्या बियांसारख्या दोन-चार तंतुकणिका आणि उरलेल्या जागेत पेन्सिलीचे ठिपके. ठिपक्यांना बाण काढून लिहायचं, पेशीद्रव्य. पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी आणि तिच्यात तरंगणारे चार जिन्नस, ही समजूत तेव्हा डोक्यात बसते ती बसतेच. खरी पेशी आतून गणपतीच्या मांडवासारखी असते. उभे-आडवे बांबू, ताणलेल्या दोऱ्या, आधाराला आधार. फक्त हा मांडव एका बाजूने बांधला जात असताना दुसऱ्या बाजूने सुटत असतो आणि हे काम चोवीस तास चालू असतं.

हे बांबू आणि दोऱ्या म्हणजे प्रथिनांचे तंतू. सगळ्यात बारीक ॲक्टिनचे, साधारण ७ नॅनोमीटर जाडीचे. त्याहून थोडे जाड १० नॅनोमीटरचे. आणि सगळ्यात जाड म्हणजे सूक्ष्मनलिका, २५ नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ नळ्या. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा तीनेक हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील. प्रत्येक नळी ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटांनी रचलेली असते. ८ नॅनोमीटर लांबीच्या जोडविटा एकापुढे एक लागून रांग होते आणि बहुतेक वेळा अशा १३ रांगा मिळून नळी बनते.

ट्यूब्युलिन सापडलं ते एका विषामुळे. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरलेल्यांनी कळलावी पाहिली असेल, लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या पाकळ्यांची वेल. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. गाउटच्या सांधेदुखीवर ते औषध म्हणून देतात, प्रमाण चुकलं तर जीव जातो. कोल्चिसिनमुळे पेशीचं विभाजन अडतं हे आधीपासून माहीत होतं. १९६७ मध्ये शिकागोत गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी किरणोत्सारी कोल्चिसिन वापरून ते पेशीत नेमकं कुणाला चिकटतं हे शोधलं. ते चिकटत होतं या नळ्यांच्या विटांना. आणि त्या विटा मेंदूत भरपूर निघाल्या. चेतापेशी तर सहसा विभागतच नाहीत, मग त्यांना इतक्या नळ्या कशाला?

एक उत्तर आज पक्कं आहे, रस्ते म्हणून. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या चेतापेशीची शेपूट जवळजवळ मीटरभर लांब असते. पेशीच्या मुख्य भागात बनलेला माल त्या टोकापर्यंत पोचवायला कायनेसिन नावाचं प्रथिन या नळ्यांवरून अक्षरशः चालत जातं. एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, म्हणजे बरोबर एका जोडविटेचं. एक मीटर जायचं तर साडेबारा कोटी पावलं.

दुसऱ्या उत्तरावर मात्र गेली तीस वर्षं भांडण चालू आहे. ते उत्तर म्हणतं, या नळ्या रस्ते आहेतच, शिवाय तारा आहेत. आणि त्या तारांमध्ये कदाचित 'आपण' आहोत.

*

वीज म्हटली की तांब्याच्या तारेतून जाणारे इलेक्ट्रॉन डोळ्यांसमोर येतात. पेशीतली वीज ओली असते. ती पाण्यात विरघळलेल्या आयनांची वीज. ट्यूब्युलिनच्या विटेवर ऋणभार जास्त असतो आणि प्रत्येक विटेची एक शेपटी नळीच्या बाहेर लोंबत असते, तिच्यावर तर ऋणभाराची गर्दीच असते. साहजिकच आसपासचे पोटॅशियमसारखे धनभारित आयन नळीभोवती ढगासारखे जमतात. मधे भार असलेला गाभा, भोवती आयनांचं आवरण, पलीकडे खारं पाणी. इंजिनिअरिंगला ट्रान्समिशन लाइनचा पेपर दिलेल्या कुणालाही ही आकृती ओळखीची वाटेल.

१९९३ मध्ये होरासिओ कान्तिएलो यांच्या गटाने दाखवलं की ॲक्टिनच्या तंतूंवरून विद्युत संकेत जाऊ शकतात. २००६ मध्ये त्यांनी आणि जॅक तुशिन्स्की यांनी सूक्ष्मनलिकेवर तसाच प्रयोग केला. नळीवरून गेलेला संकेत दुसऱ्या बाजूला मोठा होऊन मिळत होता. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ट्रान्झिस्टर हा शब्द आहे. जो माणूस दिवसभर ट्रान्झिस्टरांच्या जिवावर पगार कमावतो त्याला हे वाचून अंगावर काटा येणारच. मलाही आला.

हे प्रयोग पेशीबाहेर, काचेवर केलेले आहेत. जिवंत पेशी ही क्षमता खरोखर कशासाठी वापरते का, यावर अजून एकमत नाही. पण त्या आधीच, नव्वदच्या दशकात, रॉजर पेनरोज आणि स्टुअर्ट हॅमेरॉफ यांनी या नळ्यांवर फार मोठं ओझं ठेवलं होतं. पेनरोज गणिती. कृष्णविवरांवरच्या कामासाठी २०२० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं की ठरावीक नियमांनी चालणाऱ्या कुठल्याही यंत्राला जी सत्यं सिद्ध करता येत नाहीत ती माणसाच्या मनाला दिसतात, तेव्हा मन हे गणनयंत्र नव्हे. मग ते काय आहे? हॅमेरॉफ अमेरिकेत ॲरिझोनात भूलतज्ज्ञ. त्यांनी सुचवलं, सूक्ष्मनलिकांकडे बघा. त्यांच्यात क्वांटम पातळीवर काही घडतं आणि तिथून जाणीव उगवते.

यावर दोन मोठे आक्षेप आहेत. मॅक्स टेगमार्क या भौतिकशास्त्रज्ञाने २००० मध्ये हिशेब मांडला. मेंदू उबदार आणि ओला आहे, तिथे अशी नाजूक क्वांटम अवस्था सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागात मोडून पडेल. विचाराला तर सेकंदाचा हजारावा भाग तरी लागतो. हॅमेरॉफ आणि सहकाऱ्यांनी आकडेमोडीतली गृहीतकं बदलून हा काळ खूप जास्त येतो असं उत्तर दिलं. दुसरा आक्षेप त्यांच्या सिद्धान्ताच्या कितीतरी आधीचा आहे आणि मला तो जास्त आवडतो, कारण त्यात आकडेमोड नाही, माकूल आहे. माकूल म्हणजे स्क्विड. त्याच्या एका चेतातंतूची जाडी मिलिमीटरभर असू शकते. १९६१ मध्ये ॲलन हॉजकिन आणि सहकाऱ्यांनी तो तंतू टूथपेस्टच्या ट्यूबसारखा दाबून आतला बहुतेक गर बाहेर काढला. त्या गरात हे सगळे तंतू आणि नळ्या होत्या. मग आत पोटॅशियमचं द्रावण भरलं. तंतू लाखो वेळा संदेश पाठवत राहिला, जणू काही झालंच नाही. म्हणजे निदान संदेशाची वीज नळ्यांमध्ये नव्हती, ती वरच्या पातळ पडद्यात होती.

दुसऱ्या पारड्यातही काही आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स्ली कॉलेजच्या गटाने उंदरांना सूक्ष्मनलिका घट्ट धरून ठेवणारं एक औषध दिलं आणि नंतर भूल दिली. त्यांना बेशुद्ध व्हायला सरासरी मिनिटभर जास्त लागलं. भुलीचा आणि या नळ्यांचा काहीतरी संबंध असावा असं यातून वाटतं. क्वांटमचं काही सिद्ध होत नाही.

*

हे सगळं प्रयोगशाळेत राहिलं असतं तर हा निबंध लिहायची गरज नव्हती. पण आपल्या फोनवर ते दोन रूपांत पोचतं. फॅमिली ग्रुपवर 'विज्ञानाने आत्मा शोधला' असा फॉरवर्ड येतो, खाली नमस्काराचे हात. आणि ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी चहा ढवळत म्हणतो, आपणही शेवटी पुढचा शब्द ओळखणारी मॉडेलंच आहोत रे, फक्त हार्डवेअर ओलं आहे.

पहिल्याला नळीत काहीतरी दिव्य सापडायला हवं आहे, म्हणजे माणूस यंत्रापेक्षा वेगळा ठरेल. दुसऱ्याला नळीत फक्त प्रथिन सापडायला हवं आहे, म्हणजे माणूस यंत्र ठरेल. माणसाची किंमत नळीतून निघणाऱ्या निकालावर अवलंबून आहे, हे मात्र दोघांनीही धरूनच चाललंय.

हा वाद जुना आहे. चार्वाकांचं म्हणणं त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून आपल्यापर्यंत आलं. धान्यात नशा नसते, ते आंबवलं की येते, तशी महाभूतं एकत्र आली की जाणीव येते, वेगळा आत्मा मानायचं कारण नाही. याच्या नेमक्या उलट टोकाला लायब्निझ. १७१४ मध्ये त्याने लिहिलं की विचार करणारं एखादं यंत्र गिरणीएवढं मोठं केलं आणि आपण त्यात शिरून हिंडलो, तर एकमेकांना ढकलणारे भाग दिसतील, जाणीव कुठेच दिसणार नाही. सूक्ष्मनलिका ही लायब्निझची गिरणीच आहे, फक्त आत शिरायला आता सूक्ष्मदर्शक आहे. आत विटा आहेत, शेपट्या आहेत, आयन आहेत. उद्या क्वांटम अवस्था सापडली तर तीही गिरणीतला आणखी एक भाग असेल.

शिवाय एक साधी अडचण आहे. ट्यूब्युलिन काही माणसाची मक्तेदारी नाही. भाताच्या रोपात ते आहे, मांजरात आहे, पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्येही आहे. नळीमुळे जर प्रतिष्ठा मिळत असेल तर ती पावालाही द्यावी लागेल. आणि नळीत खास काही नसल्यामुळे प्रतिष्ठा जात असेल तर ती तुमची-माझीही आजवर कधी नव्हतीच.

इथपर्यंत हा तात्त्विक खेळ वाटेल. ज्या घरात अल्झायमर आहे तिथे तो खेळ राहत नाही.

*

१९०१ मध्ये फ्रँकफर्टमध्ये आलॉइस अल्झायमर या डॉक्टरांकडे ५१ वर्षांची एक बाई दाखल झाली, आउगुस्ट डेटर. ती १९०६ मध्ये वारली. अल्झायमरनी तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशींमध्ये गुंतलेल्या दोऱ्यांसारख्या गाठी दिसल्या. त्या गाठी टाऊ नावाच्या प्रथिनाच्या असतात हे कळायला पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं गेली. टाऊ स्वतः १९७५ मध्ये सापडलं होतं, पण रोगाच्या संदर्भात नाही, सूक्ष्मनलिका कशा जोडल्या जातात याचा शोध घेताना.

आणि इथे नळ्यांमधली वीज खरोखर कामाला येते, तेही कुठल्याही गूढाशिवाय. नळीला धरून ठेवणारा टाऊचा भाग धनभारित असतो. नळीचा पृष्ठभाग ऋणभारित. दोघं एकमेकांना धरून राहतात याचं एक मोठं कारण हे विजेचं आकर्षण. आता टाऊवर फॉस्फेटचे गट चिकटू लागले की प्रत्येक गट आपल्यासोबत ऋणभार आणतो. ऋणाला ऋण दूर लोटतं. पकड सैल होते, टाऊ सुटतो आणि सुटलेले टाऊ एकमेकांत गुंतून त्या गाठी होतात. निरोगी पेशीतही फॉस्फेट लागतात आणि निघतात, रोगात ते प्रमाणाबाहेर लागतात. एवढ्याशा भाराचा हा हिशेब.

माझ्या आजीला चार वर्षांपूर्वी या रोगाचं निदान झालं. ती दिवसातून वीस वेळा विचारते, "जेवलास का?" आणि संध्याकाळी विचारते, "ह्यांचा डबा भरला का?" आजोबा एसटीत कंडक्टर होते, रात्रीच्या मुक्कामी गाडीला डबा न्यायचे. त्यांना जाऊन दहा वर्षं झाली.

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? खरं सांगितलं तर ते ती पहिल्यांदाच ऐकते. रडते. तासाभराने पुन्हा डब्याचं विचारते. म्हणजे खरं बोलणाऱ्याने रोज संध्याकाळी एका बाईला नव्याने विधवा करायचं. "हो, भरला," म्हटलं तर ती शांत होते, पण जिने आयुष्यभर खोटं खपवून घेतलं नाही तिला आपण खेळवतो आहोत असं मनात येतं. काका म्हणतात, "तिला कुठे काय कळतंय आता." ती समोर बसलेली असताना म्हणतात.

पी. एफ. स्ट्रॉसन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६२ मध्ये एक व्याख्यान दिलं होतं. त्याने म्हटलं, दुसऱ्या माणसाकडे बघण्याच्या आपल्या दोन तऱ्हा असतात. एकीत आपण त्याच्यावर रागावतो, त्याचे आभार मानतो, त्याच्यामुळे दुखावतो, त्याला माफ करतो. दुसरीत आपण त्याच्याकडे प्रकरण म्हणून बघतो. त्याला सांभाळायचं, हाताळायचं, त्याच्यावर उपचार करायचे. पहिल्या तऱ्हेला मराठीत छान शब्द आहे, रुसवा. सर्व्हर बंद पडला म्हणून कुणी सर्व्हरवर रुसत नाही. आपण लॉग उघडतो, कारण शोधतो. रुसवा फक्त माणसावर धरता येतो आणि एखाद्यावर रुसणं सोडून देणं म्हणजे काही वेळा त्याला माणसांच्या यादीतून काढणंही असतं.

टाऊचं ज्ञान आपल्याला पहिल्या तऱ्हेतून दुसरीत नेतं, आणि ते काही अंशी फार चांगलं आहे. आजी तेच तेच विचारते, कपाटातल्या वस्तू हलवते, आईवर चोरीचा आळ घेते. हे तिच्या स्वभावातून आलेलं नाही, एका रेणूवर जास्तीचे फॉस्फेट चिकटल्यामुळे झालेलं आहे, हे कळलं की राग उतरायला जागा मिळते. आपल्याकडे म्हातारपणी 'चळ लागला' म्हणून किती बायकांना टोमणे खावे लागले असतील. रोगाची यंत्रणा समजणं ही त्यांच्यावरच्या अन्यायाची थोडी भरपाई आहे.

पण हाच चष्मा उतरवला नाही तर काकांचं वाक्य तयार होतं. चोरीचा आळ जर टाऊमुळे, तर "जेवलास का" हेही टाऊमुळेच की. मग तिच्या कुठल्याच बोलण्याला उत्तर द्यायचं कारण उरत नाही, फक्त तिला शांत ठेवायचं. इथे ऑफिसातली उपमाही हात देते. माणूस म्हणजे साठवलेली माहिती, साठवण खराब झाली, माणूस गेला. आणि आत्म्याचा फॉरवर्ड पाठवणारेसुद्धा शेवटी याच ठिकाणी येतात. खरी आजी कुठेतरी सुरक्षित आहे, समोर आहे ते नुसतं कवच. यंत्रवादी आणि आत्मवादी एरवी भांडतात, पण समोर खुर्चीवर बसलेली बाई म्हणजे उरलंसुरलं काहीतरी, यावर दोघांचं एकमत होतं.

टॉम किटवुड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने स्मृतिभ्रंशावरच्या १९९७ च्या पुस्तकात वेगळी वाट काढली. त्याच्या मते माणूसपण हा आसपासच्या लोकांनी एखाद्याला नात्यातून दिलेला दर्जा असतो. यातला ओलावा मला पटतो, पण एक भीती वाटते. जे आपण देतो ते आपण काढूनही घेऊ शकतो. आजीचं माणूसपण काकांच्या मूडवर अवलंबून असू नये.

म्हणून मला जरा वेगळ्या जागी उभं राहावंसं वाटतं. माणूस आत किती शिल्लक आहे हे मोजून मग त्याला उत्तर द्यायचं, हा क्रम आपण कधीच पाळत नाही. महिन्याभराच्या बाळाला काही कळत नाही, तरी घरातला प्रत्येक जण त्याच्याशी बोलतो. "भूक लागली का? अगं बाई, रागावलीस?" त्याच्या आत रागावणारं कुणी तयार झालंय का, याची चाचणी कुणी करत नाही. कुणी म्हणेल, बाळ मोठं होणार आहे, आजी नाही. पण बाळाशी गुंतवणूक म्हणून कोण बोलतं? जे बाळ जगणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आहे, त्याच्याशीही आई बोलतेच. आणि तेव्हा ती स्वतःला फसवत असते असं मला वाटत नाही. मोजमापाची वाट न बघता ती योग्य तेच करत असते.

आजी तर अजून आपणहून प्रश्न विचारते. त्या प्रश्नात आजोबांचा मृत्यू नाही, काळ नाही, पण कुणाच्या तरी जेवणाची काळजी आहे. ती काळजी खोटी नाही. तिच्या मागचं वर्ष तेवढं चुकलेलं आहे.

डब्याच्या प्रश्नावर माझ्या आईने एक उत्तर शोधलं आहे. ती म्हणते, "आई, आज डब्यात काय देऊ या?" मग आजी सांगते. आमटी नको, गाडीत सांडते. पिठलं दे, भाकरी जरा जास्त दे, ड्रायव्हरही जेवतो त्यांच्यात. आजोबांच्या डब्यात ड्रायव्हरचा वाटा असायचा हे आईला लग्नाला तीस वर्षं झाल्यावर कळलं. आई खोटं बोलली का? डबा भरला असं ती म्हणालेली नाही. काटेकोर माणूस म्हणेल की आजोबा आहेत असं तिने भासवलं, आणि तो अगदीच चूक नसेल. पण खोट्यातही फरक असतो. "हो, भरला" हे बोलणं संपवण्यासाठी असतं. "काय देऊ या" हे बोलणं सुरू करण्यासाठी. पहिल्यात आजीला हाताळलं जातं, दुसऱ्यात तिला विचारलं जातं, आणि ती जे सांगते त्यातलं काही खरंच तिच्याशिवाय कुणाला माहीत नसतं.

हे सगळ्यांना जमेल असं नाही. दिवसाचे दहा तास जो सांभाळतो तो थकतो. कधी कधी "हो, भरला" म्हणणंच शक्य असतं आणि त्याबद्दल कुणी बाहेरून येऊन नीतिपाठ देऊ नयेत. पुढे असा टप्पाही येईल की आजी प्रश्न विचारणार नाही. तेव्हाही अंघोळ घालताना "पाणी गरम नाही ना?" असं विचारायचं की नाही, हा प्रश्न उरेलच. माझं उत्तर, विचारायचं. आत ऐकणारं कुणी आहे याची खात्री असते म्हणून नाही. ज्या बाईने आम्हा सगळ्यांशी, आम्हाला काही कळत नव्हतं तेव्हापासून, बोलायला सुरुवात केली, तिच्याशी बोलणं थांबवण्यासाठी पुरावा आपण द्यायला हवा. तो तिच्याकडे मागायचा नाही.

येत्या काळात सूक्ष्मनलिकांची मोजमापं अजून बारीक होतील. त्या तारा आहेत की नुसते रस्ते, त्यांच्यात क्वांटम काही टिकतं का, टाऊची पकड औषधाने सांभाळता येते का, यांतल्या काही प्रश्नांची उत्तरं आपल्या पिढीला मिळतील आणि मी ती अधाशासारखी वाचणार आहे. टाऊचं औषध निघालं तर ते कितीतरी घरांना हवंच आहे. पण आजीसमोर बसून तिच्याबद्दल बोलायचं की तिच्याशी, हे ठरवायला त्या निकालांची वाट बघता येत नाही. संध्याकाळी सातला ती विचारणारच आहे.